डबल ट्रॉली ऊस ओढायला ट्रॅक्टर कुठला, ५० च्या आतला का वरचा?

कडेगावकर

नमस्कार मंडळी, यंदा ऊस वाहतुकीचा करार करायचं डोक्यात हाय. घरी ४२ एचपीचा जुना ट्रॅक्टर हाय, त्याच्यावर आपलं रान आणि भावकीतलं रोटर मारणं निघतं, पण डबल ट्रॉलीला तो पुरणार नाही हे मलाबी कळतंय. ट्रॉल्या सेकंडहँड बघून ठेवल्यात, दोन्ही दोनचाकी, एका खेपेला १८ ते २० टन बसतो असं मालक म्हणतोय. करार कराडच्या बाजूच्या कारखान्याला करायचाय, म्हणजे फडातनं भरून पाणंदीनं रोडला यायचं, पुढं विटा-कराड रोडनं सुर्ली घाट उतरायचा आणि रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत घाट चढायचा.

आता डीलर म्हणतोय ५५ च्या वरचाच घे, त्याच्याशिवाय डबल ट्रॉलीला हात लावू नको. मित्र म्हणतोय ५० च्या आतला घे, डिझेल पंप साधा असतोय, गावचा मिस्त्री उघडू शकतो. माझं गणित असं की भरलेला माल उतारानं जाणार आणि चढाला रिकामं येणार, मग एवढा एचपी कशाला पायजे? वर्षाचं हप्त्याचं ओझं कमी झालं तर बरंच. फोर व्हील घ्यावा का टू व्हील तेबी सांगा.

डिझेलधूर

जॉन डिअर ५३१० घे आणि विषय संपव. कारखान्याच्या यार्डात जाऊन मोज किती उभेत ते.

सुर्लीचा_उतार

भावा तुझं गणित बरोब्बर उलटं हाय, म्हणून जरा सविस्तर लिवतो. भरलेलं उतरायचं हाय म्हणूनच ट्रॅक्टर जड पायजे. ओढायला एचपी लागतो, धरून ठेवायला वजन आणि ब्रेक लागतात, आणि डीलर त्या दुसऱ्या गोष्टीवर कधीच बोलत नाही कारण माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर एचपी छापलेला असतोय.

हिशोब कर. २० टन ऊस, दोन रिकाम्या ट्रॉल्या धरून चार टन, ट्रॅक्टर सव्वादोन-अडीच टन, म्हणजे सगळं मिळून २६-२७ टन. समजा शंभर मीटरला पाच मीटर चढ हाय. त्याच्यावर ४५ एचपीचा ट्रॅक्टर तासाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास चालंल आणि ५५ वाला पावणेसातच्या. म्हणजे किलोमीटरभर चढाला दोन मिनिटांचा फरक, आणि तुला तर भरलेलं चढायचंबी नाही. ह्या दोन मिनिटांसाठी लोकं लाख-दीड लाख जास्त मोजतात.

आता तोच उतार खाली ये. टायरचा रोडवरचा विरोध वजा केला तरी सात-आठशे किलोचा रेटा मागनं सारखा ट्रॅक्टरवर येत राहतो, आणि ट्रॉलीला ब्रेक नसतो. २४ टनाला थांबवायचं काम अडीच टनाच्या ट्रॅक्टरची मागची दोन चाकं करणार. रस्ता कोरडा असला तर निभावतं. पहाटे दव पडलेलं असलं किंवा रोडवर चिखल सांडलेला असला की ब्रेक मारल्यावर मागचं चाक घसरतंय, ट्रॉली रेटत राहते आणि ट्रॅक्टर आडवा होतोय. घाटात ट्रॅक्टर उलटला म्हणून जे ऐकतोस त्यातलं बरंचसं असंच असतंय, इंजन कमी पडलं म्हणून कोण उलटत नाही.

म्हणून बघायचं काय तर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन किती, मागचं टायर १४.९-२८ हाय का १६.९-२८ (पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरंच घे), ब्रेक ऑइलमधले हायत का. मागच्या टायरात पाणी भरलं की दोन्ही मिळून तीन-चारशे किलो वजन फुकटात वाढतंय, हंगाम संपला की काढून टाकायचं. आणि घाट लागायच्या आधी वरच गिअर खाली घ्यायचा, उतारात मधेच गिअर बदलायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे बहाद्दर हायत आपल्यात, तसला ड्रायव्हर फुकट आला तरी ठेवू नको.

अजून एक, दोन ब्रेक पेडलांना जोडणारा खटका. रानात वळायला तो काढलेला असतो, रोडला आल्यावर लावायचा विसरला आणि घाटात एकच पेडल दाबलं गेलं तर एकच चाक धरतंय आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतोय. फडातनं बाहेर पडलं की पहिला खटका बघायचा.

कडेगावकर

बापरे. म्हणजे ४५ एचपीचा पण वजनदार असा घेतला तर चालेल म्हणता?

सुर्लीचा_उतार

घाटाला चालंल, पण फडातनं बाहेर काढताना रडवंल. नोव्हेंबरात काळ्या रानात ओल असते तेव्हा रोडवरच्या सहापट जोर लागतोय. तिथं दोन्ही ट्रॉल्या एकदम काढायच्याच नाहीत, एकेक करून रोडला आणून जोडायची. ५० च्या आसपासचा, अंगानं जड, हे तुझ्यासाठी मधलं. फोर व्हीलचा फायदा फडात आणि पाणंदीत हाय, डांबरी रोडला काय नाय. तुमच्याकडं रान मुरमाड असलं तर टू व्हीलनं भागंल.

गव्हाणीपुढं

वरच्यांचं सगळं खरं हाय पण मी पैशाचं बोलतो, कारण ट्रॅक्टर कुठलाबी घेतला तरी बुडतो तो वेगळ्याच ठिकाणी. तुझ्या खेपा किती होणार हे ट्रॅक्टरवर नसतंयच. ऊसतोडीची टोळी दिवसाला किती तोडते आणि यार्डात नंबर कधी लागतो ह्या दोन गोष्टींवर असतंय. गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, बंद पडली की अख्खा दिवस उभं राहायचं, काट्यापुढं रांग लागली की रात्र तिथंच. तासाला चार किलोमीटर जास्त पळणारा ट्रॅक्टर घेऊन तू रांगेत चार गाड्या पुढं उभा राहशील, बास.

खरी जोखीम टोळीची. मुकादमाला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, उचल (आगाऊ रक्कम) द्यायची, कोयत्यामागं, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागं, आकडा ऐकला तर पायाखालची जमीन सरकते, आणि हंगामाच्या तोंडावर टोळी दुसऱ्याच जिल्ह्यात निघून गेली तर कारखाना वसुली तुझ्याकडनंच करणार कारण करारावर सही तुझी. आमच्या पलीकडच्या वस्तीवर एकाचा नवाकोरा ट्रॅक्टर दारात उभा होता आणि टोळी आलीच नाही, फायनान्सवाले मात्र वेळेवर आले. म्हणून म्हणतो, ट्रॅक्टरमधले दीड-दोन लाख वाचव आणि ते उचलीच्या वेळी हाताशी ठेव. एकाच मुकादमाला सगळी उचल एका हप्त्यात देऊ नको, कागद कर, आधार-पॅन घे, त्याच्या गावी जाऊन घर बघून ये.

बाकी सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय आणि टायरचा १८ चा ५, तेव्हा डीलरच्या जुन्या कोटेशनवर जाऊ नको, नवीन मागून घे.

जुना_गडी

आमच्या वेळेला एचएमटी ५९११ होता. दोन ट्रॉल्या लावल्या तरी मागं वळून बघायला लागायचं नाही. पिंजोरचा कारखाना २०१६ ला बंद झाला तरी आमच्याकडं एक अजून चालू हाय, पार्ट मिळवायला फिरावं लागतं एवढंच. आता नवीन घेताय तर घ्या, पण साउंड सिस्टीमला पैसे घालायच्या आधी ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावा. गाणं चार गावाला ऐकू येतंय आणि मागची ट्रॉली दहा फुटावरनंबी दिसत नाय.

पलूस_ते_टेक्सास

मी मूळचा पलूसचा, सध्या टेक्सासला. धागा वाचून हसू आलं कारण इथं हाच वाद दर आठवड्याला चालतो, फक्त उसाच्या जागी घर असतं. इकडं रिटायर झालेली जोडपी फिफ्थ व्हील म्हणून मोठा ट्रेलर ओढतात, आत बेडरूम, किचन, सगळं. त्याचा हूक गाडीच्या मागच्या बंपरला नसतो, पिकपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसवलेला असतो. त्यामुळं ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा थेट पिकपवर बसतो. १४ हजार पौंडाचा ट्रेलर असला तर तीन हजार पौंडाच्या आसपास, म्हणजे १३००-१४०० किलो नुसतं पाठीवर.

आणि लोकं फसतात ती तिथंच. कंपनीची जाहिरात सांगते अमुक हजार पौंड ओढतो, ओढतो पण खरं. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं स्टिकर असतं, गाडीत माणसं-सामान धरून किती वजन टाकायचं त्याचं. डिझेलचा पाऊण टनी (हे नुसतं वर्गाचं नाव, खरं वजन नव्हे) पिकप घेतला की बऱ्याचदा ट्रेलरच्या हुकावर पडणाऱ्या नुसत्या वजनानं तो आकडा संपतो, मग बायको-पोरं-कुत्रं कुठं बसणार. म्हणून मोठा ट्रेलर असला की जाणकार लोक एक टनी, मागं चार टायरवाला घ्यायला सांगतात. इंजन बऱ्याचदा तेच असतं हां, फरक ॲक्सल, स्प्रिंग, टायर ह्यांचा.

दुसरं म्हणजे इथं बहुतेक राज्यांत ३००० पौंडाच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. केबिनमधे कंट्रोलर असतो, गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलरचाबी लागतो, आणि हूक तुटून ट्रेलर सुटला तर एक वायर ओढली जाऊन ट्रेलर आपोआप ब्रेक मारतो. सुर्लीतनं २४ टन बिनब्रेकचे उतरतात हे मी इथल्या लोकांना सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत. ट्रॉल्यांना ब्रेक बसवून मिळतो का ते आधी बघ, नवीन ट्रॅक्टर नंतर.

मिस्त्री_बोलतोय

टेक्सासवाल्या पाव्हण्यांनी पाठीवरच्या वजनाचं काढलं ते बरं झालं, कारण दोनचाकी ट्रॉलीला हेच लागू हाय आणि इथं कोण सांगत नाय. चारचाकी ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते, ट्रॅक्टरवर काय वजन देत नाही. दोनचाकी ट्रॉलीची दांडी हुकावर दाबती. थोडी दाबलेली चांगलीच, मागच्या चाकाला पकड येती. जास्त दाबली की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवलं तरी सरळच जातो, मग पुढं बंपरला वजनं लावावी लागतात.

आता दुसरी ट्रॉली. ती पहिलीच्या मागच्या हुकावर दाबती, म्हणजे पहिलीच्या ॲक्सलच्या मागं, त्यानं पहिलीची दांडी वर उचलली जाती आणि ट्रॅक्टरवरचं वजन उलट कमी होतं. म्हणून भरताना टोळीला सांगायचं, पहिल्या ट्रॉलीत मोळ्या जरा पुढच्या अंगाला चढवा, दुसरी समतोल. टोळीवाले फडात सोपं पडंल तसं मागनं रचत जातात, आणि मग चढाला चाक जाग्यावर फिरतंय म्हणून ड्रायव्हर कंपनीला शिव्या देतोय.

ट्रॉलीला ब्रेक बसवून मिळतो, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारा किंवा हवेचा. पण सेकंडहँड ट्रॉलीला बसवायच्या आधी ॲक्सल आणि हब उघडून बघावं लागतंय, जुन्या ॲक्सलला ड्रम बसायची सोयच नसती कधीकधी. असली जुनी ट्रॉली स्वस्त पडत नाय मग.

५० च्या आत-वरचं सांगतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना नवीन प्रदूषण नियम लागला, त्यामुळं त्यांना सीआरडीआय (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणारं) इंजन आलं, सेन्सर आले, किंमत वाढली. इंजन चांगलं हाय, डिझेल मोजून जाळतंय, फक्त डिझेल स्वच्छ पायजे. डब्यातनं आणून गाळणी न लावता ओतलेलं त्याला चालत नाय, आणि बिघडलं की मी पाना घेऊन उपयोग नाही, लॅपटॉपवालाच लागतो. हंगामात फडातल्या फडात दोन दिवस उभा राहिला तर टोळी तुझ्या नावानं बोंबलणार. म्हणून सर्व्हिस सेंटर विट्यात हाय का कराडला, आणि रात्री फोन उचलतात का, हे डीलरला नको, यार्डातल्या ड्रायव्हर लोकांना विचार. मी असतो तर ४८-५० चा जड अंगाचा साध्या पंपाचा घेतला असता. पण डिअर ५३१० किंवा अर्जुन नोव्हो ६०५ घेणाऱ्याला मी चुकलास म्हणणार नाही, दोन्हीच्या अंगात वजन हाय.

कडेगावकर

मंडळी लय आभार, एवढं कोण सांगत नाय. ट्रॉलीवाल्याला फोन लावला, ॲक्सल उघडून दाखव म्हटलं तर म्हणतो घ्यायची असली तर तशीच घ्या. तेव्हा त्या ट्रॉल्या सोडल्या. ट्रॅक्टर ५० च्या आतलाच बघतोय, १६.९ टायरचा. मुकादम माण तालुक्यातला हाय, पुढच्या आठवड्यात त्याच्या गावी जाऊन येतो. एकच राहिलं, ट्रॉल्या नवीन बनवून घेतल्या तर पासिंगचं कसं?

मिस्त्री_बोलतोय

दोन्हीचं वेगवेगळं पासिंग होतं, प्रत्येकीला आपला नंबर. बनवणाऱ्याकडनं बिल आणि आरटीओला लागणारे कागद मिळणार असतील तरच ऑर्डर दे, नुसतं वेल्डिंगचं दुकान बघून देऊ नको. इन्शुरन्समधेबी ट्रॅक्टरबरोबर दोन्ही ट्रॉल्या लिवून घे, नाहीतर अपघात झाल्यावर कंपनी म्हणणार ट्रॉली आमच्याकडं नव्हतीच. आणि हुकाची पिन बाजारातली हलकी घेऊ नको, तिला खाली लॉकची क्लिप आणि ट्रॉलीला वेगळी साखळी, हे ऑर्डर देतानाच सांग.

डिझेलधूर

तरीबी ५३१०.