मदत हवी आहे: अल्हाम्ब्राचे नास्रिद महाल रात्री पाहावेत का?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत वास्तुकला शिकते. ईस्टरच्या सुट्टीत स्पेनमध्ये सेव्हियाला सेमाना सांताच्या (ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या) मिरवणुका पाहून पुढे ग्रानादाला जाणार आहे, आणि तेही खास तिथल्या अल्हाम्ब्रा या किल्ल्यातल्या नास्रिद सुलतानांच्या महालांसाठी: सिंहांचं प्रांगण, मुकर्नसची (मधाच्या पोळ्यासारख्या कोरीव कामाची) छतं, भिंतीच्या गिलाव्यात कोरलेल्या अरबी कविता.

दिवसाची सर्वसाधारण तिकिटं अधिकृत साइटवर संपली आहेत. दोब्ला दे ओरो हे अल्हाम्ब्रा आणि शहरातल्या इतर वास्तूंचं जोडतिकीटही पाहिलं, तेही नाही. तिकिटावर नाव असतं आणि पासपोर्ट तपासतात, म्हणून दुसऱ्या कुणाचं तिकीट चालणार नाही. गाइडसोबतची टूर बजेटबाहेर आहे. तारखा बदलता येत नाहीत.

आता मिळतंय ते असं: दिवसा अल्कासाबा (तटबंदीचा भाग), खेनेरालिफे (सुलतानांचा उन्हाळी महाल) आणि बागा, रात्री महालांचं वेगळं तिकीट. महालांतल्या कोमारेसच्या मनोऱ्याचं पाण्यातलं प्रतिबिंब दिवसाउजेडी बघायला मिळणार नाही याची फार हळहळ वाटते. शिवाय मला स्केचेस करायची आहेत.

ज्यांनी रात्री पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: दिव्यांच्या उजेडात छताचं आणि अक्षरांचं बारीक काम नीट दिसतं का? की रद्द झालेली दिवसाची तिकिटं साइटवर परत येतात, आणि त्यासाठी थांबावं?