पोराच्या हृदयाला डावीकडे आवरणच नाही, मग खेळ बंद करायचा का?

आत्याबाई: माझा भाचा 14 वर्षांचा, शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे. खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला तर हृदय डावीकडे सरकलेलं दिसलं, मग एमआरआय, आणि कळलं की हृदयाभोवतीची पिशवी, पेरिकार्डियम, डाव्या बाजूला जन्मापासूनच नाहीये. डॉक्टर म्हणाले उपचाराची गरज नाही. तरी दादा-वहिनींनी त्याचं मैदान बंद केलंय, पोरगं नुसतं खिडकीत बसून असतं. मला हे अजिबात पटत नाही.

साताऱ्याचा_पाटील: वहिनींचं बरोबर आहे. या दोषात हृदयाचा भाग फटीतून बाहेर येऊन आवळला जातो, अचानक मृत्यू झालेत. एक कप हुकला तर काय बिघडतं?

नर्सताई: पाटील, तुम्ही म्हणताय ते अर्धवट आवरण नसेल तेव्हाचं. भोक छोटं असलं की डाव्या कर्णिकेचं, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचं, टोक त्यात अडकतं, कधी रक्तवाहिनी दाबली जाते, तिथे ऑपरेशन लागतं. अख्खी डावी बाजूच नसेल तर अडकायला कडाच नाही, बरेच जण अख्खं आयुष्य काढतात आणि त्यांना पत्ताही नसतो. कोलंबो नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1559 मध्येच हे लिहून ठेवलंय, तेही शवविच्छेदनात सापडलं म्हणून. एमआरआय रिपोर्टमध्ये पूर्ण लिहिलंय की अर्धवट, ते आधी बघा.

आत्याबाई: पूर्ण डावी बाजू. इकोपण केला, हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक नाही, झडपा नीट आहेत.

साताऱ्याचा_पाटील: इको केलात ते बरं, कारण यातल्या साधारण तिघांत एकाला हृदयाचा दुसरा दोष असतो. पण ताई, ती पिशवी हृदयाला जागेवर धरते ना? कबड्डीत पाच जण छातीवर पडतात, ते म्हणजे धावणं नव्हे.

नर्सताई: हे मात्र मान्य. डॉक्टरांना "खेळू दे का" असं मोघम विचारू नका, कबड्डीचं नाव घेऊन विचारा. आणि डाव्या कुशीवर झोपल्यावर दुखतं का, धडधडतं का, हे पोरालाच विचारा, आईबापाला नको.

आत्याबाई: आत्ताच विचारलं. म्हणतो डाव्या कुशीवर धडधड होते, पहिल्यापासूनच, सगळ्यांनाच होत असेल असं वाटलं म्हणून बोललो नाही. सोमवारी मीच घेऊन जातेय त्याला.