डेंड्रॉइड ग्रॅप्टोलाइट नक्की कुठे टाकायचे, हायड्रॉइडजवळ की टेरोब्रँकमध्ये?

खाडीकाठ_देवगड:
नमस्कार मंडळी, जिऑलॉजीच्या एमएस्सीला आहे, सुट्टीत देवगडला घरी आलोय आणि जर्नल लिहिताना डोकं पार भंजाळलंय. प्रॅक्टिकलला काळ्या शेलवर (पापुद्र्यांचा दगड) डिक्टिओनेमा होता, जाळीदार पंख्यासारखा, म्हणजे डेंड्रॉइड, झुडपासारखा फांद्यांचा ग्रॅप्टोलाइट (नळ्यांच्या वसाहतीत राहणाऱ्या समुद्री प्राण्यांचा जीवाश्म). सीनियरच्या जुन्या नोट्समध्ये ग्रॅप्टोलाइट सीलेंटेराटात (जेलीफिशचा गट) टाकलेत, झुडपासारख्या वाढणाऱ्या हायड्रॉइडशेजारी, दुसऱ्या नोट्समध्ये हेमिकॉर्डेटात, नळीत राहणाऱ्या बारीक टेरोब्रँक प्राण्यांसोबत, आणि परवा वाचलं की रॅब्डोप्ल्यूरा हा आज जिवंत असलेला प्राणीपण ग्रॅप्टोलाइटच आहे, मग नामशेष नामशेष म्हणून आम्ही काय लिहितोय? त्यात काल काकांनी जाळी सुकत घातलेली, त्यावर बोटभर उंचीचं तपकिरी झुडूप मिळालं, हँड लेन्सखाली बघितलं तर फांदीच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक पेले. हेच दगडात चपटं होऊन मिळालं असतं तर मी बिनधास्त डेंड्रॉइड लिहिलं असतं. फरक करायचा तरी कशावरून?

कातळसडा:
प्रश्न आवडला, कारण शंभरेक वर्षं मोठमोठी माणसं इथेच अडकली होती. आकारावरून जायचं नाही, नळीची भिंत कशी बांधलीय ते बघायचं. रोमान कोझ्वोव्स्की या जीवाश्मतज्ज्ञाने पोलंडमधल्या चर्टमधून (गारगोटीसारखा कठीण दगड) ॲसिडने ग्रॅप्टोलाइट सुटे केले, म्हणजे चपटे न झालेले, आणि 1938 मध्ये आधी थोडक्यात आणि 1949 मध्ये सविस्तर मांडलं की भिंत अर्ध्या अर्ध्या कड्यांची आहे, डावं कडं उजवं कडं आलटून पालटून, आणि ती जुळतात तिथे झिगझॅग सांधा. आपल्याकडे जांभ्याचे चिरे लावताना गवंडी सांधा मोड करून लावतो ना, साधारण तसं. हुबेहूब हीच रचना रॅब्डोप्ल्यूराच्या आडव्या नळीत आहे. त्यातला झूइड, म्हणजे वसाहतीतला एकेक प्राणी, डोक्याकडच्या ढालीसारख्या भागाने कडं कडं लिंपत नळी बाहेरून वाढवतो. हायड्रॉइडचं कायटिनचं आवरण आतली कातडी स्रवते, तिथे असं लिंपकाम नाहीच.

दर्यावर्दी_मालवण:
माका ह्या शास्त्रातला काय कळणा नाय, पण ता झाड आमच्या जाळ्याक कायम लागता, जाळा चार दिस पाण्यात रवला की झालाच. उघड्या हातान काढू नको, मनगटार खाज सुटता आणि पुरळ येता, आमी फडक्यान पुसतो.

कातळसडा:
दर्यावर्दी, लाखमोलाची माहिती दिलीत. ती खाज म्हणजे डंख मारणाऱ्या पेशी, म्हणजे जाळ्यावरचं झाड हायड्रॉइडच, जेलीफिशच्या नात्यातलं. टेरोब्रँकला असल्या पेशी नसतात, ते केसाळ हातांनी पाण्यातलं अन्न गोळा करतात. वाईट एवढंच की डंख दगडात उरत नाही, म्हणून तर भिंतीवर एवढा भर.

खाडीकाठ_देवगड:
थँक्यू दोघांनाही, हात खरंच खाजतोय सकाळपासून! पण सर एक अडचण आली, मघाशी परत लेन्स लावली तर फांदीच्या बुडाशी वळ्या दिसतायत, एकावर एक पाच-सहा. ही कडीच झाली ना?

कातळसडा:
बरोबर पकडलंस, इथेच भले भले फसतात. हायड्रॉइडच्या त्या वळ्या म्हणजे एकाच सलग नळीला पडलेल्या चुण्या, वेगवेगळी कडी नाहीत, सांधा शोध, मिळणार नाही. उलट रॅब्डोप्ल्यूराच्या उभ्या नळीतपण पूर्ण कडी असतात पण प्रत्येक कड्याला स्वतःचा तिरका सांधा असतो. म्हणजे कडी मोजू नकोस, सांधा बघ.

आता नामशेषचं. 2013 मध्ये मिचेल आणि सहकाऱ्यांनी वंशवृक्ष काढला त्यात रॅब्डोप्ल्यूरा ग्रॅप्टोलाइटांच्या आतच बसला, सेफॅलोडिस्कस हा दुसरा जिवंत टेरोब्रँक बाहेर राहिला. सेफॅलोडिस्कसचे झूइड सुटे, नळीतून बाहेर येऊन सरपटू शकतात, रॅब्डोप्ल्यूराचे सगळे एका स्टोलॉनला, म्हणजे जोडदांड्याला, कायमचे जोडलेले, म्हणजे खरी वसाहत. नामशेष झाले ते पाण्यात तरंगणारे ग्रॅप्टोलॉइड, डेव्होनियन काळाच्या सुरुवातीला, आणि तळाला चिकटून वाढणारे झुडुपी डेंड्रॉइड त्यानंतरच्या कार्बोनिफेरस काळापर्यंत टिकले. माझं मत विचारशील तर डेंड्रॉइडिया ही ऑर्डर आता सोयीपुरतीच उरलीय, कारण ग्रॅप्टोलॉइड त्यांच्यातूनच निघाले, बायथीका म्हणजे बाजूचे छोटे पेले गमावत गमावत.

जांभादगड_रत्नागिरी:
मधेच विचारतो, आमच्या विहिरीच्या खोदकामात दगडावर काळी झाडं उमटलेली मिळाली, अगदी फर्नसारखी. ही ग्रॅप्टोलाइट असू शकतात का?

कातळसडा:
नाही, ते मँगनीजचं ऑक्साइड, भेगेतून झिरपलेल्या पाण्याने काढलेली नक्षी. आपला काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा आहे, शेवटचे ग्रॅप्टोलॉइड त्याच्या तीस कोटींहून जास्त वर्षं आधी संपले. पण तुमची शंका अगदी रास्त आहे, लिनियसने 1735 मध्ये ग्रॅप्टोलिथस हे नाव वापरलं तेच मुळी जीवाश्मासारख्या दिसणाऱ्या अशा दगडी नक्षीसाठी. आणि उलटंही झालंय, कॅनडाच्या बर्जेस शेलमधली युकनेसिया वॉलकॉटने 1919 मध्ये शेवाळ म्हणून नोंदवली, 2015 मध्ये तीच टेरोब्रँक ठरली.

खाडीकाठ_देवगड:
सर मग जर्नलमध्ये असं लिहितो: हेमिकॉर्डेटा, टेरोब्रँकिया, ग्रॅप्टोलिथिना, डेंड्रॉइडिया, आणि खाली एक ओळ की नमुना चपटा असल्याने कडी दिसली नाहीत, ओळख फक्त फांद्यांच्या जाळीवरून. चालेल?

कातळसडा:
पळेल. ती खालची ओळ मात्र खोडू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि हाताला खोबरेल लाव.