कोचला फोन मुलानेच करायला हवा

कॉलेजच्या टीममधला मुलगा दारू पिताना सापडला, तर ‘आईवडिलांनी आधी कोचशी बोलून प्रकरण मिटवावं’ असं काही पालक म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आमचा मुलगा इथे अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून पोहतो. 19 व्या वर्षी डॉर्ममधल्या (कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या) पार्टीत बिअर पिताना सापडला. 21 च्या आत पिऊ नये हा कायदा आहेच, शिवाय टीमच्या नियमांच्या कागदावर त्याची स्वतःची सही होती. मग उत्तरही त्यानेच द्यायला हवं ना? फोन त्याने केला, आम्ही खोलीतही थांबलो नाही. काही मीटना, म्हणजे पोहण्याच्या स्पर्धांना, बाहेर बसावं लागलं. चांगलाच रडला, पण कोचचा विश्वास शाबूत राहिला.

आणखी एक. कॉलेज आपल्याला कळवेलच, हे गृहीत धरू नका. 1998 च्या दुरुस्तीनंतर ‘फेर्पा’ या विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या अमेरिकी कायद्यानुसार 21 खालच्या मुलाने दारूचा नियम मोडला तर कॉलेज पालकांना सांगू शकतं, पण तसं बंधन नाही. त्याहून महत्त्वाची ‘मेडिकल ॲम्नेस्टी’. मित्र पिऊन बेशुद्ध पडला आणि आपण 911 ला (इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला) फोन केला, तर बऱ्याच कॉलेजांत फोन करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. नियम जागोजागी वेगळे आहेत, म्हणून आपल्या कॉलेजचा नियम मुलाला आत्ताच वाचायला लावा. टीममधली जागा, स्कॉलरशिप जाईल या धास्तीने खेळाडू मुलं फोन करायला कचरतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. मदत येईपर्यंत मित्राला कुशीवर वळवून ठेवायचं. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून एकट्याला सोडायचं नाही.