एआय वापरल्याबद्दल गुण आणि बिल्ले : कार्यालयात ही स्पर्धा हवी कशाला?

हिशेबनीस_रत्नागिरी

आंबा आणि काजूवर प्रक्रिया करणाऱ्या, शिवाय हंगामात ताज्या हापूसचाही व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या हिशेब विभागात मी नोकरी करतो. कर्मचाऱ्यांनी एआय साधने वापरावीत म्हणून आमच्या व्यवस्थापनाने एक स्पर्धा सुरू केली आहे. एआयला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला दहा गुण मिळतात, सलग सात दिवस वापर केला की नावापुढे बिल्ला लागतो, आणि महिन्याअखेरीस ज्याचे गुण सर्वाधिक त्याचे नाव कॅन्टीनमधल्या पडद्यावर झळकते. एआय शिकायला माझा विरोध नाही. मी ते रोज वापरतो. माझा आक्षेप मोजमापाला आहे.

एक उदाहरण देतो. वाशीच्या बाजारातल्या आढत्यांकडून (दलालांकडून) येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, बहुधा हाताने लिहिलेल्या असतात. पूर्वी त्या एकेक करून संगणकात भराव्या लागत. आता पट्टीचा फोटो दिला की पेट्या, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडे असा सगळा तक्ता क्षणात तयार होतो. मात्र घाईत लिहिलेला १ आणि ९ यांत एआयची गल्लत होते, आणि नव्वद पेट्यांच्या दहा झाल्या तरी तक्ता दिसायला तितकाच देखणा असतो. म्हणून प्रत्येक पट्टीची बेरीज मी मूळ कागदाशी ताडून पाहतो. खरे काम या ताडून पाहण्यात आहे, आणि त्याला स्पर्धेत शून्य गुण आहेत. शेजारच्या टेबलावर बसून ‘आज पाऊस पडेल का’ असे दहा वेळा विचारणाऱ्याला शंभर गुण मिळतात, मला दहा.

दुसरे असे की ही स्पर्धा आखणाऱ्याला आपल्याकडचे वेळापत्रकच ठाऊक नसावे. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा काम अंगावर येते, तेव्हा पावस बाजूच्या संकलन केंद्रावर उभा असलेला माणूस फळाची प्रत पाहील की मोबाइलला रेंज शोधत फिरेल? जूननंतर काम सैल पडते, पण वादळी पावसात वीज जाते आणि सलग दिवसांची साखळी तुटते. गणपतीत तर कहरच झाला. देवगडला घरी गेलेल्या आमच्या एका सहकाऱ्याला आरतीच्या वेळी मोबाइलवर सूचना आली की आज वापर न केल्यास साखळी तुटेल. त्याने एका हातात झांज धरून दुसऱ्या हाताने ‘जास्वंदीचे उपयोग सांगा’ असे विचारले आणि बिल्ला राखला. यात कंपनीने काय कमावले, हे मला कोणी तरी समजावून सांगावे.

पर्यटन_मालवण

तुमच्या लेखणीला दाद देऊन सांगतो की मी सहमत नाही. तारकर्लीजवळ एका मध्यम आकाराच्या हॉटेलचे व्यवस्थापन मी पाहतो. तुम्ही स्वतःहून शिकलात, म्हणून सगळेच तसे शिकतील असे तुम्ही गृहीत धरता. आमच्याकडे एआयची सुविधा घेतल्यावर पहिले काही महिने दोन तरुण मुलांखेरीज कोणी ती उघडलीसुद्धा नाही. स्वागतकक्षातल्या आमच्या ताई बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. परदेशी पाहुण्याचे इंग्रजी पत्र आले की त्या ते माझ्या टेबलावर आणून ठेवत. स्पर्धा लागली तेव्हा गुणांच्या चढाओढीत त्यांनी पहिल्यांदा मराठीत लिहून इंग्रजी उत्तर मागितले. आज स्कूबाची वेळ, समुद्र खवळल्यास पैसे परत मिळण्याची अट, शाकाहारी जेवणाची सोय, हा सगळा पत्रव्यवहार त्याच करतात आणि पाठवण्याआधी मला एकदा दाखवतात.

ज्याला काम कमी येते त्यालाच या साधनांचा लाभ अधिक होतो, हे केवळ माझे निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांवर ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड यांनी केलेला अभ्यास २०२३ मध्ये समोर आला. एआयच्या मदतीने कर्मचारी तासाला सोडवत असलेल्या तक्रारींची संख्या सरासरी १४ टक्क्यांनी वाढली, तर नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती; मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे ज्यांनी हे साधन उचलावे अशी सर्वाधिक गरज आहे, तेच बहुधा बिचकून लांब राहतात. त्यांना उंबरठा ओलांडायला लावण्यासाठी चार बिल्ले वाटले, तर बिघडले कुठे?

प्राध्यापिका_चिपळूण

बिघडते ते उंबरठा ओलांडल्यानंतर. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा प्रयोग आमच्या विषयात सर्वांना शिकवला जातो. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र देऊ’ असे आधी सांगितले. पुढे बक्षिसाचा विषय संपल्यावर ही मुले मोकळ्या वेळेत इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना बक्षीस मिळाले नाही, किंवा ध्यानीमनी नसताना मिळाले, त्यांची आवड शाबूत राहिली. मालवणच्या ताईंना पत्र लिहिता येऊ लागल्याचा जो आनंद झाला असेल, तो गुणफलकाच्या नावावर जमा करू नये. स्पर्धा बंद झाल्यावरही त्या लिहीत असतील तर ते पत्राच्या उपयोगामुळे.

मनुष्यबळ_लोटे

मॅडम, तुम्ही दिलेला प्रयोग खरा आहे, पण त्यातली एक अट तुम्ही सांगूनही निष्कर्षात सोडून दिलीत. त्या मुलांना चित्रकला आधीपासून आवडत होती. ज्या कामात मुळात गोडीच नाही, तिथे बक्षिसाने गोडी कमी होण्याचा प्रश्न येत नाही, असे नंतरच्या संशोधनातही दिसले आहे. आमच्या रासायनिक कारखान्यातल्या भांडार विभागाला किंवा सुरक्षा-अहवाल लिहिणाऱ्या पर्यवेक्षकाला एआयची आवड कुठून असणार? त्यांना भीती आहे, आणि ती नोकरी जाण्याची आहे. खेळाच्या निमित्ताने ती भीती थोडी सैल होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हिशेबनीस यांच्या मुद्द्यातला एक भाग मात्र मान्य करते. प्रश्नांची संख्या मोजली जाते, कारण ती आयती मिळते. सेवा पुरवणारी कंपनी तिचा तक्ता दर महिन्याला तयारच देते. मुंबईच्या मुख्य कार्यालयाला परवान्यांवरचा खर्च पटवून द्यायचा असतो, तेव्हा ‘आमची माणसे पट्ट्या नीट ताडून पाहतात’ असे लिहून भागत नाही, तिथे आकडाच लागतो. यावर तुमच्याकडे उपाय आहे का?

निवृत्त_बँकवाला_सावंतवाडी

आकड्याच्या हव्यासाचे फळ आमच्या क्षेत्राने पाहिले आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने शाखांतल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात अधिकाधिक खाती आणि कार्डे मारण्याची लक्ष्ये दिली. माणसांनी ती पुरी केली, पण ग्राहकांना न विचारता खाती उघडून. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे बाहेर आले. आता ‘पाऊस पडेल का’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, परंतु जात तीच आहे.

आपल्याकडे बँकांत यंत्रे आली तो काळ मी काउंटरच्या आतून पाहिला. बँकांच्या संगणकीकरणावरील रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी, यंत्रे आली. संघटनांनी विरोध केला, वाटाघाटी झाल्या, करार झाले, आणि यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता ठरला. कोणी बिल्ले लावले नाहीत. नवे काम शिकायला लावता तर त्याचे मोल पगारात दाखवा, ही भूमिका कर्मचाऱ्याला प्रौढ मानणारी होती. आजची स्पर्धा मला पोरखेळ वाटते ती यासाठी. मोबदला द्यायचा नाही, म्हणून टाळ्या द्यायच्या.

पर्यटन_मालवण

काका, आदरपूर्वक विचारतो, त्या भत्त्यापर्यंत पोचायला किती वर्षे गेली? आमच्या हॉटेलात संघटना नाही, हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच, आणि पाहुण्याला उत्तर आजच्या आज हवे असते. करार होईपर्यंत थांबलो तर आरक्षण गोव्याला गेलेले असेल.

घरून_काम_गुहागर

मी सॉफ्टवेअर क्षेत्रातला. अनुभवी माणसाला स्पर्धेत ढकलण्याबद्दल एक सावधगिरीची नोंद देतो. एआयची क्षमता तपासणाऱ्या मेटर (METR) या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांचा, त्यांच्याच जुन्या प्रकल्पांवरच्या २४६ कामांचा अभ्यास केला. एआय वापरून काम २० टक्के लवकर झाले असे त्यांना काम संपल्यावर वाटत होते. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला होता. नमुना लहान आहे आणि साधने त्यानंतर बदलली आहेत, त्यामुळे यावरून एआय निरुपयोगी ठरत नाही. पण कुठल्या कामात ते बाजूला ठेवावे, हे ओळखणे हे कौशल्यच आहे, आणि बाजूला ठेवणाऱ्याची साखळी मात्र तुटते.

पतसंस्था_देवरुख

एका गोष्टीवर अजून कोणीच बोलले नाही. आमच्या कर्जविभागात अशीच स्पर्धा लागली तेव्हा एका मुलाने गुण वाढवण्यासाठी कर्जदारांचे अर्ज, आधार आणि पॅन क्रमांकांसकट, सारांश काढण्यासाठी एआयला देण्यास सुरुवात केली. तेही स्वतःच्या मोबाइलवरच्या मोफत खात्यातून. व्यवस्थापकांच्या वेळीच लक्षात आले म्हणून बरे. सॅमसंगच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा गोपनीय सोर्स कोड चॅटजीपीटीला दिला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. आपल्याकडे वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. देवरुखच्या सभासदाने विश्वासाने दिलेला कागद कुणाच्या तरी बिल्ल्यासाठी बाहेर जाणार असेल, तर त्या स्पर्धेपेक्षा सक्ती परवडली. सक्तीत निदान काय देऊ नये हे लिहिलेले तरी असते.

मनुष्यबळ_लोटे

हा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो आमच्या नियमावलीत आजच घालते. तरीही स्पर्धा रद्द करण्याच्या मताची मी नाही. वैयक्तिक क्रमवारी काढून टाकावी, रजेच्या दिवशी साखळी आपोआप थांबावी, गुण विभागाला मिळावेत, आणि दर आठवड्याला विभागाने एक उपयोग सर्वांसमोर करून दाखवावा, चुकलेलाही चालेल, एवढे बदल मला जमण्यासारखे वाटतात. हिशेबनीस यांची १ आणि ९ ची गोष्ट आमच्या भांडारातल्या माणसांना शंभर प्रश्नांपेक्षा अधिक शिकवील.

हिशेबनीस_रत्नागिरी

या बदलांसह स्पर्धा झाली तर मी स्वतः पट्ट्यांचे प्रात्यक्षिक दाखवायला उभा राहीन. तुम्ही आकड्यावर उपाय विचारला होता. मुख्य कार्यालयाला आकडाच हवा असेल तर पट्ट्या भरायला पूर्वी लागणारा वेळ आणि आता ताडून पाहण्यासकट लागणारा वेळ, असे दोन रकाने पाठवावेत. ते आयते मिळणार नाहीत, कुणाला तरी बसून नोंदवावे लागतील, आणि एखाद्या विभागात दुसरा रकाना मोठा निघाला तर तोही तसाच पाठवावा लागेल.

मालवणच्या दादांच्या ताईंबद्दल मला शंका नाही. पहिला धक्का म्हणून स्पर्धेने तिथे काम केले असेल. पण आमच्याकडे गेल्या महिन्यात वार्षिक मूल्यमापनाचा नवा अर्ज आला, त्यात ‘एआय स्पर्धेतील गुण’ असा रकाना आहे. ज्याचे गुण पगारवाढीच्या अर्जावर चढतात, त्याला मी खेळ म्हणू शकत नाही, आणि संकलन केंद्रावरच्या माणसाने तो रकाना रिकामा सोडला तर काय होणार, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. मी ते लेखी मागितले आहे. लोटेच्या ताईंनी आपल्या अर्जात असा रकाना आहे का, तेवढे पाहून इथे कळवावे.