हवाई सर्वेक्षणाचा पायलट: हे काम मानवेल का, आधी कसं ओळखायचं?

रानवारा:
भाची बारावी सायन्स झाली आहे आणि कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, करायचं म्हणते. प्रवासी विमानांपेक्षा नकाशांसाठी होणारं हवाई सर्वेक्षण तिला खुणावतंय. ते तिच्या प्रकृतीला आणि स्वभावाला मानवेल का, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं? आणि भारतात त्यात वाव किती? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

उभी_आडवी:
हे काम शेत नांगरण्यासारखं आहे. नांगराची एक ओळ संपली की वळायचं आणि शेजारची धरायची. फोटोंच्या सर्वेक्षणात एका ओळीतले लागोपाठचे फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर यावे लागतात (यालाच ओव्हरलॅप म्हणतात), आणि शेजारशेजारच्या ओळी ३० टक्के. विमान ओळीवरून सरकलं की या ३० टक्क्यांत फट पडते आणि ती अख्खी ओळ पुन्हा उडावी लागते.

हिशेब करून बघा. २० किलोमीटरच्या ४० ओळी आहेत आणि वेग १२० नॉट, म्हणजे मिनिटाला ३.७ किलोमीटर. एका ओळीला साडेपाच मिनिटं लागतात, वळून पुढच्या ओळीवर स्थिर व्हायला तीनेक. सगळे मिळून साडेपाच तास होतात आणि त्यातले जवळजवळ दोन तास नुसती वळणं. वळतानाही बँक, म्हणजे विमानाचा बाजूला झुकाव, २०–२५ अंशांच्या आतच ठेवायचा. जास्त झुकवलं तर विमानाच्या पाठीवरच्या जीपीएस अँटेनाला पंखाआडचे उपग्रह दिसत नाहीत आणि जागेची अचूकता बिघडते.

२० नॉटचा आडवा वारा असेल तर ओळीवर राहायला नाक जवळजवळ १० अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. कॅमेरा ज्यावर बसवलेला असतो तो माउंट तेवढा फिरवून घेता येतो. पण वारा ओळीच्या मध्येच बदलला आणि पायलटने पंख झुकवून झटक्यात दुरुस्ती केली, तर कॅमेरा जमिनीऐवजी बाजूला बघतो. दुरुस्ती लहान आणि लवकर करायची, हीच या कामातली खरी कारागिरी आहे. ज्याला सुरेख लँडिंगपेक्षा सरळ आलेल्या ओळीचा आनंद जास्त होतो, त्याने इकडे यावं.

सह्यकडा:
वरच्या प्रतिसादात उडण्याचं आलं, पण थांबण्याचं राहिलं. फोटोंसाठी सूर्य क्षितिजापासून निदान ३० अंश वर लागतो, नाहीतर सावल्या लांबतात. डिसेंबरात पुण्याला ही वेळ साधारण साडेनऊ ते साडेतीन. विमानाखाली ढगांचे पुंजके आले, जमिनीवर त्यांच्या सावल्या पडल्या किंवा धुरकं दाटलं, की तो दिवस गेला. जून ते सप्टेंबर आपल्याकडे फोटोंचं काम जवळपास बंदच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाने धुतलेली हवा मिळते, तो सर्वांत चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळं असतं, पण तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा दुपारी विमानाला सतत हादरे देते.

त्यात परवानग्या. हवाई छायाचित्रणाला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आणि संरक्षण खात्याची मंजुरी लागते. पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचंच विमानतळ. त्यामुळे परगावी हॉटेलात आठवडाभर बसून राहायचं आणि सकाळी आभाळ निवळलं की लगेच निघायचं, असं चालतं. घरी ठरावीक वेळेला परतण्याची ज्याला गरज आहे, त्याला हे फार जड जातं.

लहान विमानांत शौचालय नसतं. केबिन प्रेशराइझ्ड, म्हणजे आतल्या हवेचा दाब राखणारी, नसेल तर १०,००० फुटांवर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं झाल्यास ऑक्सिजन लावावा लागतो, १३,००० च्या वर तर कायमच.

नकाशावेडी:
वावाबद्दल स्पष्ट लिहिते. अमेरिकेत एअरलाइनसाठी साधारण १,५०० तास लागतात, म्हणून तिथे नवे पायलट तास भरायला सर्वेक्षणात जातात. आपल्याकडे २०० तासांचं सीपीएल आणि टाइप रेटिंगवर (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) एअरलाइनमध्ये जाता येतं. त्यामुळे इथे सर्वेक्षण ही पायरी ठरत नाही, ते कामाच्या ओढीनेच करावं लागतं.

जागाही मोजक्या. हैदराबादच्या नॅशनल रिमोट सेन्सिंग सेंटरची विमानं, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी संस्थेची खनिजशोधाची उड्डाणं आणि काही खासगी कंपन्या. खनिजशोधाचं काम तर फार खालून, जमिनीपासून सुमारे १०० मीटरवरून चालतं. तिथे नजर सारखी डोंगर आणि तारांवर ठेवावी लागते.

लहान क्षेत्रं ड्रोनकडे गेली आहेत. २०२० च्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली. भाचीला ओढ नकाशाची असेल तर ड्रोनचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आधी करून बघावं. त्याला दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण असणं पुरतं, आणि खर्च सीपीएलच्या पासंगालाही पुरत नाही. ओव्हरलॅप, ओळी, वारा हे सगळं तिथेही आहेच.

रानवारा:
मनापासून आभार. पैसे भरण्याआधी घरच्या घरी काही चाचणी?

उभी_आडवी:
आधी पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी: क्लास २ आणि मग त्याहून कडक क्लास १. रंगांधळेपणासारखं काही निघालं तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

मग संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ हे लहान विमान घ्या. जॉयस्टिक हवी, ऑटोपायलट बंद, वारा आणि हादरे चालू. दहा मिनिटं एकच दिशा, उंचीत ५० फुटांहून जास्त फरक नाही, मग वळून समांतर ओळ. असे सलग दोन तास. पहिली ओळ बहुतेकांची चांगली येते, आठवी-नववी बघा. तिथे मन भरकटतं की अजून नेमकेपणा सुधारतो, हे लिहून ठेवायला सांगा.

शेवटी फ्लाइंग क्लबमध्ये मे महिन्यातल्या दुपारचं एक उड्डाण, मान खाली घालून पडद्याकडे बघत. मळमळ पहिल्या एकदोनदा झाली तर घाबरू नये, सवयीने ती बऱ्याच जणांची कमी होते. पण ती जाण्यासाठी झोप आणणारी गोळी घ्यायची नाही, कारण पायलटला ती घेऊन उडता येत नाही आणि चाचणीही खोटी ठरते.