पडद्यावरचं गाणं तुम्हाला खरं वाटतं का?

परवा घरी परत 'कट्यार काळजात घुसली' लागला होता. तोंड सचिन पिळगावकरांचं, गळा राहुल देशपांडेंचा. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, मला दोन मिनिटांत विसरायला होतं बघ. मला नाही होत, मी सारखा मानेच्या शिरा बघत बसतो. म्हणून विचारतोय, गाणं, नाटक, तमाशा असलेल्या इतक्यातल्या पिक्चरमधे तुम्हाला काय पटलं, कुठं खटकलं? सांगली-साताऱ्याकडच्यांनी तर लिहाच.

*

मिरजेतनं लिहितोय, घरात तंबोरे करायचं काम. त्यामुळं हिरो-हिरॉईन राहू दे, माझं लक्ष आधी तंबोऱ्यावर. पहिली तार मधल्या बोटानं, बाकीच्या तीन तर्जनीनं, पण पिक्चरवाले एकाच बोटानं खाजवल्यासारखं करतात आणि मागं आवाज मात्र एकदम जवारीदार! अहो जवारी म्हणजे तारेचा तो भरून गुंजणारा आवाज, त्यासाठी घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासून घासून, मग तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवून, ऐकून, परत सरकवून, दिवस जातो त्यात. 'मी वसंतराव' ला (2022) मात्र बोटं बघायचंच विसरलो. नातवानंच, राहुल देशपांडेनंच, आजोबांचं म्हणजे वसंतराव देशपांडेंचं काम केलंय आणि गायलाय पण स्वतःच, त्यामुळं तान येणार ते आधी छातीत दिसतं. लांबलाय थोडा, लांबू दे. तक्रार एकच, थेटरवाल्यानं ऐन मैफलीच्या सीनला आवाज बारीक केला, उठून सांगायला गेलो तर म्हणे शेजारच्या स्क्रीनला त्रास होतोय.

*

मी वाईजवळची. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, आमच्यापासनं हाकेवर. 'महाराष्ट्र शाहीर' ला (2023) अख्खी जीप भरून गेलो होतो. अमळनेर, साने गुरुजी हा भाग छानच, नंतर मात्र सगळं पळतं. 'बहरला हा मधुमास' आवडलं, खोटं कशाला बोलू, भावाच्या लग्नात नाचलेय त्याच्यावर. पण शाहिराच्या पिक्चरमधनं बाहेर पडताना डोक्यात डफ वाजायला पाहिजे का नको?

*

वय सदुसष्ट, सांगली. 'मानापमान' लिहिणारे खाडिलकर आपल्या सांगलीचे, म्हणून 'संगीत मानापमान' (2025) पहिल्याच आठवड्यात बघितला. हॉलमधे मोजून अकरा माणसं. मूळ नाटक 1911 चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पिक्चरला शंकर-एहसान-लॉय. नव्या चाली वाईट नाहीत हो, दिसायलाही सगळं झकपक. पण भावे नाट्यमंदिरात संगीत नाटकं बघितलेल्या माणसाची पंचाईत अशी की पद रंगलं की तोंडात वन्समोअर येतोच, आणि इथं पद तीन-चार मिनिटांत उरकून पुढचा सीन चालू. कुणाला म्हणणार? आमच्या ह्यांनी तरी म्हटलं, हळूच. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली.

*

वाळवा तालुका. आज्जा तमाशात तुणतुणं धरायचा. त्याला मोबाईलवर 'चंद्रमुखी' (2022) दाखवला. अजय-अतुलच्या गाण्यांना मान डोलवली, मग म्हणतो, "घुंगरू बोलंना गड्या, पाय नुसतं दिसत्यात." मला तर अमृता खानविलकरची मेहनत दिसली, पण आज्जापुढं कोण बोलणार. मग म्हटलं जुनाच दाखवूया, म्हणून 'नटरंग' (2010) लावला. अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानाचं अंग कमावलं आणि मग उतरवून नाच्या झाला, तिथनं पुढं आज्जा गप्पच. पिक्चर संपल्यावर चहा गार होईस्तोवर गप्प. मग त्यांच्या फडातल्या नाच्याचं सांगितलं, रात्री शिट्ट्या मारणारी माणसं सकाळी त्याच्याशेजारी जेवायला बसायची नाहीत. एवढी वर्षं आज्जाच्या गोष्टी ऐकतोय, ही कधी काढली नव्हती.

*

ओ मिरजकर, तुमच्यामुळं काल परत 'कट्यार' लावला आणि आता शिरा सोडून बोटं बघतोय. आई रिमोट घेऊन गेली.